रा. रा. शंभर वॉट यांस खुले पत्र

रा. रा. शंभर वॉट यांस,
मुक्काम : गिटार अ‍ॅम्पची पुढची पट्टी, ठळक अक्षरांत.

स. न. वि. वि.

नमस्कार रीतीप्रमाणे केला, आता जाब विचारतो. सिंगापूरमध्ये आठवडाभर ऑफिस सांभाळून शनिवार-रविवारी बँडमध्ये गिटार वाजवणाऱ्या मराठी पोरांच्या खिशाला, पाठीला, शेजारधर्माला आणि कानांना तुम्ही जो ताप दिला आहे, त्याबद्दल हे पत्र आहे. जाहीर लिहितो, कारण तुमचा कारभारही जाहीरच चालतो. दुकानात पाऊल टाकलं की सगळ्यांत आधी तुम्हीच नजरेत भरता.

एका मुलाचं सांगतो. आमच्या बँडमधला हा सर्वांत धाकटा गिटारवाला. मला दादा म्हणतो. त्याच्याकडे दहा वॉटचा, साडेसहा इंची स्पीकरचा छोटा अ‍ॅम्प होता. घरच्या सरावाला उत्तम. पण जॅमिंग स्टुडिओत ड्रमरने पहिला ठोका दिला की हा मुलगा नुसता दिसायचा, ऐकू यायचा नाही. गणेशोत्सवातल्या कार्यक्रमासाठी अजय-अतुल यांची गाणी बसवणं चाललं होतं. त्याने रात्र-रात्र बसून घोटलेला तुकडा आला की आम्ही त्याच्या बोटांकडे पाहून अंदाज करायचो, कारण कानांना पत्ताच लागत नव्हता. शेवटी तो एका दुकानात गेला आणि अगदी रास्त प्रश्न विचारला : ड्रमच्या वर ऐकू जाईल असा अ‍ॅम्प कोणता?

विक्रेत्याने तुमच्याकडे बोट दाखवलं. विषय संपला. ड्रमर किती जोरात वाजवतो, तुम्ही वाजवता कुठे, तिथे माइक लावतात का, घर कुठे आहे, अ‍ॅम्प नेणार कशाने, यातलं काही कुणी विचारलं नाही. तुम्ही समोर असलात की विकणाराही प्रश्न विचारायचा थांबतो आणि घेणाराही. हा तुमचा पहिला गुन्हा.

तुमचं घराणं मी ओळखून आहे. लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तापकीर गल्लीत एके काळी जे टू-इन-वन आणि डेक विकायला असत, त्यांच्या खोक्यांवर हजार-हजार ‘वॉट पीएमपीओ’ छापलेले असत. दोन-तीन ट्यूबलाइटइतकी वीज खाणारं यंत्र हजार वॉटचा आवाज कुठून काढणार, हे विचारायचं घेणाऱ्याच्या मनातही येत नसे. ते तुमचे चुलते. त्यांच्याइतके तुम्ही खोटारडे नाही, हे मान्य करतो. चांगल्या गिटार अ‍ॅम्पवर छापलेले शंभर वॉट खरोखर शंभर असतात. पण तुम्ही अर्धंच सांगता, आणि उरलेलं अर्धं गिऱ्हाइकाला स्वतःच्या पैशाने शिकावं लागतं.

ते अर्धं इथे लिहून ठेवतो. वॉट हे अ‍ॅम्प स्पीकरला किती शक्ती पुरवतो त्याचं माप. आवाज किती मोठा, ते मोजतात डेसिबलमध्ये. या दोघांचा हिशेब सरळ त्रैराशिकाचा नाही. वॉट दुप्पट केले की आवाज वाढतो अवघ्या ३ डेसिबलने. म्हणजे ५० वॉटच्या अ‍ॅम्पच्या जागी तुम्हाला आणून ठेवलं आणि बाकी सगळं तेच राहिलं, तर बँडच्या गलक्यात फरक जेमतेम जाणवेल. आवाज कानाला दुप्पट वाटायचा तर साधारण १० डेसिबल वाढावे लागतात, आणि १० डेसिबल वाढवायला शक्ती दहापट लागते. दहा वॉटच्या अ‍ॅम्पपेक्षा तुम्ही दहापट मोठे दिसता, पण कानाला भरता दुपटीनेच. किंमत आणि वजन मात्र तुम्ही दुपटीवर कधीच थांबवत नाही.

दुसरी दडवलेली गोष्ट स्पीकरची. प्रत्येक स्पीकरची एक संवेदनशीलता असते : एक वॉट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल मिळतात. सेलेशनचा ग्रीनबॅक हा स्पीकर ९८ डेसिबलचा आहे, त्याच कंपनीचा व्हिंटेज ३० शंभर डेसिबलचा. आता बेरीज करू. १०० डेसिबलच्या स्पीकरला १० वॉट दिले की ११० डेसिबल मिळतात. ९० डेसिबलच्या मठ्ठ स्पीकरला तेच ११० गाठायला पूर्ण १०० वॉट खर्ची पडतात. त्या मुलाच्या जुन्या अ‍ॅम्पचं दुखणं इथे होतं. वॉट कमी होते हे खरं, पण त्याहून मोठी अडचण त्या साडेसहा इंची स्पीकरची आणि वीतभर खोक्याची होती. त्याला हवा होता चांगला बारा इंची स्पीकर. मिळालात तुम्ही.

तिसरी गोष्ट व्हॉल्व्हची, म्हणजे काचेच्या नळ्यांची. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प आपल्या मर्यादेच्या पुढे गेला की आवाज हळूहळू फाटत जातो, आणि ते फाटणं गिटारला शोभून दिसतं. रॉकमधला निम्मा रंग त्यातूनच आला. म्हणून १५ वॉटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प वाजवणारा त्याची शेवटच्या थेंबापर्यंत सगळी ताकद वापरतो. ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प मर्यादेला धडकला की कर्कश होतो, तिथे जायची सोय नसते, म्हणून त्यात वॉट शिल्लक ठेवावे लागतात. जॅझचे किंवा भावगीताचे स्वच्छ सूर वाजवायचे असतील तर ही शिल्लक आणखी लागते. तेव्हा व्हॉल्व्हचे शंभर आणि ट्रान्झिस्टरचे शंभर यांना वाजवणारा एकसारखा वापरूच शकत नाही. तुम्ही मात्र दोन्ही पट्ट्यांवर त्याच तोऱ्यात उभे.

तुमचा जन्म कशासाठी झाला, तेही सांगायला हवं. नाहीतर माझ्याकडूनच अन्याय होईल. गोष्ट तुमच्या जन्माच्या थोडी आधी सुरू होते. इंग्लिश गायक क्लिफ रिचर्ड आणि त्याचे साथीदार ‘द शॅडोज’ १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये सिंगापूरला हॅपी वर्ल्ड स्टेडियममध्ये वाजवून गेले आणि या शहरातल्या शाळकरी पोरांनी गिटारी हातात घेतल्या. क्वीन्सटाउनच्या टेक्निकल शाळेतल्या मुलांचा ‘द क्वेस्ट्स’ हा बँड त्याच लाटेतला. त्यांच्या ‘शँटी’ या वाद्यतुकड्याने १९६४ मध्ये इथल्या लोकप्रियतेच्या यादीत बीटल्सना पहिल्या जागेवरून खाली उतरवलं. शॅडोजचा गिटारवादक हँक मार्विन व्हॉक्स कंपनीच्या अ‍ॅम्पवर वाजवायचा. व्हॉक्सचा १५ वॉटचा अ‍ॅम्प किंचाळणाऱ्या प्रेक्षकांपुढे कमी पडू लागला, तेव्हा व्हॉक्सने ३० वॉटचा, दोन स्पीकरांचा एसी-३० काढला. ज्या आवाजाने सिंगापूरला वेड लावलं, तो तीस वॉटमध्ये मावत होता.

पुढे सभागृहांची मैदानं झाली. १५ ऑगस्ट १९६५ ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्स पंचावन्न हजारांहून अधिक लोकांपुढे उभे राहिले. व्हॉक्सने त्यांच्यासाठी खास शंभर वॉटचे अ‍ॅम्प बनवले होते, आणि तरीही त्यांना स्वतःचं वाजवणं धड ऐकू येत नव्हतं. त्याच सुमारास लंडनमध्ये गिटारवादक पीट टाउनशेंडच्या मागणीवरून जिम मार्शलने शंभर वॉटचा अ‍ॅम्प आणि त्याखाली आठ स्पीकरांचं एकच प्रचंड कॅबिनेट बनवलं. ते उचलताना हमाली करणाऱ्यांची कंबर मोडायची वेळ आली, म्हणून त्याचे चार-चार स्पीकरांचे दोन भाग केले. रॉकच्या मंचावर मागे भिंत उभी दिसते, ती अशी आली. त्या काळात गिटारपुढे माइक लावून तिचा आवाज सभागृहभर पोचवण्याची रीत रुळलेली नव्हती. पीए, म्हणजे सभागृहाची ध्वनियंत्रणा, होता तो गायकापुरता, तोही तोकडा. मागच्या रांगेपर्यंत गिटार न्यायचं काम अ‍ॅम्पलाच करावं लागे, आणि ते तुम्ही केलंत. त्याबद्दल तुमचा मान राखतो.

पण ते काम संपलं! आज एस्प्लनेडच्या पाण्याकाठच्या उघड्या मंचावर वाजवा किंवा मंडळाच्या कार्यक्रमात, अ‍ॅम्पच्या जाळीला टेकवून शुअरचा एसएम-५७ माइक लावला जातो आणि श्रोत्यांपर्यंत गिटार नेण्याची जबाबदारी पीएवर असते. अ‍ॅम्पने फक्त मंचावरच्या चार-पाच जणांना ऐकू जायचं. साउंडवाल्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : गिटारचा अ‍ॅम्प कमी करा. काम संपलं तरी खुर्ची न सोडणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्या पंगतीत तुम्हीही बसलात.

आता त्या मुलाने तुम्हाला स्टुडिओत आणलं तेव्हा काय झालं ते ऐका. औद्योगिक इमारतीतली, तासावर भाड्याने मिळणारी छोटी खोली. एका कोपऱ्यात ड्रम, भिंतीला लागून बेसचा अ‍ॅम्प, गायिकेसाठी दोन स्पीकर. तुमचा नॉब एकवर होता तेव्हा तुमच्यातून काहीच येत नव्हतं, आणि दीडवर नेला तेव्हा खिडकीची काच थरथरली. मधलं काही मिळेना. तुम्ही जमिनीवर बसलेले, मुलगा तुमच्यापुढे दोन फुटांवर उभा. बारा इंची स्पीकरचे तीक्ष्ण सूर बॅटरीच्या झोतासारखे समोर सरळ जातात, इकडेतिकडे पसरत नाहीत. झोत त्याच्या पोटऱ्यांवर आदळत होता. कानांपर्यंत पोचत होता तो गुबगुबीत, बिनधारेचा आवाज. म्हणून त्याने ट्रेबल वाढवला, मग व्हॉल्यूम वाढवला. खोलीच्या दुसऱ्या टोकाला आमची गायिका त्या झोतात नेमकी सापडली होती. तिने एका कानात बोट घातलं आणि दुसऱ्या हाताने माइक धरला. तिचा आवाज वाढवला तर स्पीकर शिट्टी मारायला लागले. ड्रमर चिडून जोरात वाजवायला लागला. दहा मिनिटांत सगळे एकमेकांवर ओरडत होते, आणि गाणं कुठेच नव्हतं.

मी तुम्हाला उचलून खुर्चीवर ठेवलं, मागे थोडं कलवलं, तोंड मुलाच्या कानांकडे वळवलं. “दादा, केवढा कर्कश आहे हा!” असं म्हणत त्याने स्वतःच ट्रेबल उतरवला आणि व्हॉल्यूम निम्म्यावर आणला. गायिकेने कानातलं बोट काढलं. एक पैसा खर्च न करता, एक वॉट न वाढवता निम्मी अडचण सुटली. हे तुमच्या पट्टीवर कुठे लिहिलेलं असतं?

उरलेली निम्मी सुटली ती मधल्या सुरांच्या पट्टीमुळे. घरी एकट्याने वाजवताना सगळ्यांना खर्ज भरलेला, वरून चमकणारा आणि मधून पोकळ केलेला आवाज आवडतो. अ‍ॅम्पवरचा ‘मिडल’चा नॉब शून्याकडे, ‘बेस’ आणि ‘ट्रेबल’ दहाकडे. बँडमध्ये हा आवाज गायब होतो. खर्जाची जागा बेस गिटार आणि किकड्रमने घेतलेली असते, वरची जागा झांजांनी. गिटारची स्वतःची जागा मधे आहे, साधारण काहीशे हर्ट्झपासून दोन-तीन हजारांपर्यंत, आणि नेमकी तीच कापून मुलगा विचारतो की मी ऐकू का येत नाही. आम्ही त्याचा बेस उतरवला, मिडल चढवला. एकट्याने ऐकताना आवाज जरा नाकातला वाटला. ड्रम सुरू झाले आणि प्रत्येक स्वर सुटा-सुटा ऐकू आला. तुमच्या नादी लागलेल्याला हे सुचतच नाही. त्याला वाटतं, ऐकू येत नाही म्हणजे वॉट कमी आहेत.

आता घरचं बोलू. सिंगापूरच्या रहिवाशांपैकी चारांत तीनहून अधिक माणसं एचडीबीच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, फ्लॅटमध्ये राहतात. भिंतीला भिंत, माथ्यावर एक कुटुंब, पायाखाली दुसरं. शांततेची वेळ रात्री साडेदहा ते सकाळी सात अशी पाळायची रीत होती. २०२२ मध्ये नेमलेल्या नागरिकांच्या समितीने ती रात्री दहा ते सकाळी आठ करावी अशी शिफारस केली. अशा घरात तुम्हाला एकच्या खाली ठेवावं लागतं, आणि तिथे तुमचा सूर मेलेला असतो. म्हणजे स्टुडिओत तुम्ही फार, घरात तुम्ही निरुपयोगी. शिवाय तुम्हाला वाहायचं कुणी? फेंडरचा ८५ वॉटचा ट्विन रिव्हर्ब सुमारे २९ किलोचा आहे. इथे गाडी घ्यायची तर आधी परवान्याची बोली लावावी लागते, म्हणून बँडमधली बहुतेक पोरं एमआरटीने, म्हणजे मेट्रोने, येतात. २९ किलोचं धूड घेऊन स्टेशनच्या गर्दीत शिरून दाखवा. त्याच कंपनीचा २२ वॉटचा डिलक्स रिव्हर्ब १९ किलोचा आहे, आणि छोट्या सभागृहांत ड्रमच्या जोडीने तो कित्येक दशकं निभावत आला आहे.

सगळ्यांत गंभीर आरोप शेवटी. कामाच्या ठिकाणच्या आवाजाबद्दल सिंगापूरचे नियम ८५ डेसिबलला आठ तासांची मर्यादा घालतात. त्याच्या वर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. बंद खोलीत ड्रमसोबत वाजवणारा बँड शंभरी सहज गाठतो, आणि आमची एक बैठक दोन तासांची असते. आता मघाचा हिशेब आठवा. पन्नास वॉटवरून तुमच्यावर उडी मारल्याने मिळतात ३ डेसिबल. मनाचं त्या तिनाने समाधान होत नाही, पण ते पुरते वापरले तर कानाची सुरक्षित वेळ अर्ध्यावर येते. फायदा जेमतेम जाणवणारा, तोटा दुप्पट. याहून वाईट सौदा कुणी केला असेल? टाउनशेंड यांनी पुढे आपल्या बहिरेपणाबद्दल आणि कानात सतत वाजणाऱ्या आवाजाबद्दल जाहीरपणे सांगितलं; त्यात ते स्टुडिओतल्या हेडफोनना मोठा दोष देतात, हेही सांगायला हवं. पण कानातल्या केसपेशी एकदा गेल्या की माणसाला परत येत नाहीत, मग त्या कशाने का गेल्या असोत. एकवीस-बावीस वर्षांची पोरं स्टुडिओतून बाहेर पडून “कान वाजतायत” म्हणत हसतात, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो.

म्हणून जो प्रश्न त्या मुलाने विचारला होता, त्याचं उत्तर मी इथे देतो, म्हणजे पुढच्याला तुमच्या दारात जावं लागणार नाही. ड्रमर असलेल्या बँडसाठी व्हॉल्व्हचा १५ ते ३० वॉटचा अ‍ॅम्प पुरतो, स्पीकर बारा इंची आणि ९७-९८ डेसिबलच्या वरचा असला तर. ट्रान्झिस्टरचा किंवा डिजिटल घ्यायचा असेल तर ५० वॉटपासून पुढे पाहा, स्पीकर बारा इंचीच. स्वच्छ सूर मोठ्याने वाजवायचे असतील तर आणखी शिल्लक ठेवा. तिथे तुमचीसुद्धा जागा आहे, हे मी नाकारत नाही. रोलंडचा जॅझ कोरस-१२० हा १९७५ पासून स्वच्छ सुरांसाठीच नावाजलेला आहे आणि आशियातल्या कितीतरी स्टुडिओंत उभा असतो. एचडीबीत राहणाऱ्याने शक्ती कमी करायचं बटण असलेला अ‍ॅम्प बघावा. बॉसचा कटाना ५० वॉटवरून अर्ध्या वॉटवर उतरतो. आणि पैसे मोजण्याआधी एक तास स्टुडिओ भाड्याने घ्यावा, तिथे असलेल्या अ‍ॅम्पवर आपल्याच ड्रमरसोबत वाजवून पाहावं, नॉब कुठे पोचतो ते लिहून ठेवावं. पेनिन्सुला शॉपिंग सेंटरच्या आसपास गिटारच्या दुकानांची कमी नाही. वही घेऊन जाणाऱ्याला तिथे पाहिजे ते सापडेल. कानात वादकांसाठीचे प्लग घालावेत, ते सूर न बिघडवता आवाज उतरवतात.

आमच्या मुलाने तुम्हाला विकलं, घाटा सोसून. त्याच्याकडे आता २० वॉटचा व्हॉल्व्हवाला आहे, खुर्चीवर ठेवलेला. गणेशोत्सवात त्याचा तो तुकडा शेवटच्या रांगेतल्या आजींपर्यंत पोचला, कारण अ‍ॅम्पपुढे माइक होता आणि साउंडवाल्याला काम करायला जागा मिळाली होती.

तुमच्याकडे आता माझ्या तीन मागण्या आहेत. यापुढे पट्टीवर एकट्याने मिरवायचं नाही. शेजारी स्पीकरची संवेदनशीलता छापा. त्याखाली, ते वॉट आवाज न फाटता मिळतात की फाटल्यावर, हे छापा. आणि तिसऱ्या ओळीत, पूर्ण जोरात एक मीटरवर किती डेसिबल होतात आणि त्या आवाजात कान किती मिनिटं सुरक्षित राहतो, तेही छापा. सिगारेटच्या पाकिटावर इशारा असतो, तुमच्यावर का नको? हे करायची तयारी असेल तर खुशाल दुकानाच्या दर्शनी भागात उभे राहा. माझा काही आक्षेप राहणार नाही. नसेल, तर जी पोरं पगारातून पैसे साठवून पहिला अ‍ॅम्प घ्यायला येतात, त्यांच्या वाटेतून बाजूला व्हा. वाजवायला त्यांना आयुष्यभर कान लागणार आहेत.

कळावे,
सिंगापुरातला एक मराठी गिटारवाला